चंद्रकळेचा अभ्रा

"बाई स्वतःच्या ठेवणीतल्या साड्या कापायला काढते ना, तेव्हा आधी कात्री लपवायची आणि मग तिच्याजवळ बसायचं," फ्लॉसी आंटीने विनयाला सांगितलं होतं. "शिवणाची हौस म्हणून कोणी आवडतं पातळ फाडत नाही, बाय."

विनया तेव्हा हसली होती. फ्लॉसी आंटी समोरच्याच दारात राहायची. तिचा लाकडी दरवाजा दिवसभर सताड उघडा आणि जाळीचा बंद, त्यामुळे जिन्यावरून कोण चढलं, कोण उतरलं, कोणाच्या पिशवीत बोंबील होते हे तिला बसल्या जागी कळायचं. अशा बाईचं बोलणं मनावर घ्यायचं तर माणिकपूरच्या त्या इमारतीत राहणं कठीण झालं असतं. शिवाय विनया बी.ए. होती, मानसशास्त्र घेऊन. सासूबाईंच्या हाताला काम मिळालंय, मन रमतंय, यात काळजीसारखं काय आहे, असं तिने आंटीलाच समजावलं होतं.

खरं तर काळजी करण्यात विनयाचा हात धरणारं कोणी नव्हतं. वेदांत झाल्यापासून तिचं अर्धं आयुष्य त्याचा श्वास ऐकण्यात जात होतं. दूध उतू गेलं तरी चालेल, पण पाळण्याची दोरी घासतेय का ते दिवसातून दहादा बघायचं. खिडकीची जाळी, गॅसचं बटण, मच्छरदाणीची टोकं. एवढं करूनही डोळा लागायचा नाही. लागायचा तो फक्त रंभाबाई जवळ असल्या की. सासू भिंतीला पाठ टेकून पाय पसरून बसली, नातू तिच्या पायांवर आडवा झाला, की विनया आतल्या खोलीत जाऊन मेल्यासारखी झोपायची. जितेंद्र म्हणायचा, "मी आईला नाही, तुझ्या झोपेच्या गोळीला घरी आणलंय."

रंभाबाई चांदीपच्या. शेत, वाल, भोपळे, पावसाळ्यात गुडघाभर चिखल, हे त्यांचं जग. सासरे काळूराम गेले आणि बाराव्यानंतर जितेंद्रने आईला माणिकपूरला आणलं. येताना तिने एक पत्र्याची पेटी आणली. पेटीत साड्या होत्या. बाराव्याच्या दिवशीच जाऊबाई, जयवंती, तिला सगळ्यांदेखत म्हणाली होती की आता रंगीत तुझ्या काय कामाचं, माझ्या सुनांना होतील. रंभाबाईंनी पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

वर्ष उलटलं. मधल्या काळात वेदांत जन्मला, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध झालं, आणि एक दिवस विनयाने मासिकात बघून उशांचे अभ्रे शिवायला घेतले. रंगीत चौकोन जोडायचे, आत जुन्या चादरीचा थर घालायचा, वरून बारीक धावदोरा मारायचा. तिने दोन ओढण्या कापून एक अभ्रा केला, तो सुरकुतला. रंभाबाईंनी तो हातात घेऊन उलटापालटा केला, दातांनी दोरा तोडला आणि सगळी शिवण उसवली. म्हणाल्या, गोधडी कडेने सुरू करतात आणि आत आत येतात, मधून सुरू केली की कापड पळतं. मग उठल्या, पेटी उघडली आणि एक डाळिंबी साडी आणून चटईवर टाकली.

"हिला काप," म्हणाल्या.

विनयाने साडी नाकाशी धरली. डांबराच्या गोळ्यांचा वास होता, पण कापड अजून नव्यासारखं होतं. ती म्हणाली, "अहो आई, ही चांगली आहे की."

"चांगली हाय म्हनूनच. आता ही नेसून कुठं मिरवू? माझ्या मागं जयवंतीच्या सुना वाटून घेतील. दुसरीच्या अंगावर बघन्यापेक्षा माझ्या नातवाच्या डोक्याखाली बरी."

हे वाक्य विनयाने ऐकलं होतं. स्वतःच्या कानांनी, शुद्धीत. पुढे ती स्वतःला हेच विचारायची की ऐकलं तर मग ते गेलं कुठे.

त्यानंतर हिवाळाभर त्या घरात साड्या उलगडत राहिल्या. रंभाबाईंच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला होता, म्हणून सकाळी विनया एका रांगेत सुया ओवून कापडाला टोचून ठेवायची आणि त्या एकेक उचलून टाके घालायच्या. वेदांत रांगायला लागला होता, त्यामुळे उठताना विनया चटई गच्चीवर नेऊन झटकायची आणि जितेंद्रच्या मोडक्या रेडिओतलं चुंबक फरशीवरून फिरवायची. रंभाबाई हसायच्या. "सुईपरीस तूच जास्त टोचतेस," म्हणायच्या.

शिवताना त्या बोलायच्या. डाळिंबी साडी जितेंद्रच्या पाचव्या वाढदिवसाची, तेव्हा मुंजीसारखा थाट केला होता. पोपटी, विरारला दोघं जीवदानी देवीला गेले तेव्हा नवऱ्याने न मागता घेतलेली, म्हणून तिचा त्यांना जास्त अभिमान. मोरपिशी नेसून त्या एकदा वसईला सिनेमा बघायला गेल्या होत्या आणि घरी येऊन सासूचा मार खाल्ला होता. विनया ऐकायची, हुंकार द्यायची आणि एक डोळा वेदांतवर ठेवायची. सासूच्या हाताचा टाका एका रेषेत पडतो हे तिने पाहिलं. एखादी साडी कापायच्या आधी त्या ती मांडीवर घेऊन बराच वेळ नुसत्या बसतात, हेही पाहिलं. पाहण्यात ती कधी कमी पडली नाही.

शेवटी पेटीत एक काळी चंद्रकळा उरली. जितेंद्रचं बोरन्हाण झालं त्या संक्रांतीला काळूरामांनी ती आणली होती. तिचा अभ्रा रंभाबाईंनी विनयाला शिवू दिला नाही. मागची हुकंसुद्धा स्वतःच्या हाताने लावली. पूर्ण झाल्यावर उशीला घातला, वेदांतला त्याच्यावर टेकवून बसवलं आणि म्हणाल्या, "बाकीच्याचं तू बघ. तुझं घर हाय. हा पोराचा. हा कोनाला देव नको."

"कोणाला देणार आहे मी?" विनया म्हणाली.

संक्रांत जवळ आली. वर्षाचा दुखवटा संपल्यानंतरचा घरातला तो पहिला सण, वेदांतचं बोरन्हाण आणि विनयाचं या इमारतीतलं पहिलं हळदीकुंकू. तळमजल्यावरची संजना सहज म्हणून वर आली आणि कपाटातली अभ्र्यांची चळत बघून तिथेच बसली. एकेक उलगडून बघत म्हणाली की सगळ्या जणी स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकचे डबे वाटतात, विनया, तू हे वाण दे. अख्ख्या माणिकपुरात कोणी दिलं नसेल. विनयाचा चेहरा फुलला. रंभाबाई तिथेच तीळ निवडत होत्या. संजनासमोरच विनयाने विचारलं, "आई, चालेल ना?"

परक्या बाईसमोर विचारल्यावर रंभाबाई काय बोलणार. त्या म्हणाल्या, "तुझं घर हाय. तू बघ." आणि तीळ पाखडायला लागल्या.

विनयाने होकार ऐकला.

एवढं मात्र खरं की त्यानंतर रंभाबाईंनी अभ्र्यांना पुन्हा हात लावला. सगळे धुतले, कांजी केली, गच्चीवर वाळवले, कोपऱ्याला कोपरा जुळवून घड्या घातल्या. एक दिवस विनयाला विचारलं, वाण देताना मी बाजूला बसून एकेक तुझ्या हातात देऊ ना? म्हणजे कुठली साडी कोणाकडे जाते ते मला कळेल. विनया तेव्हा वेदांतचं नाक साफ करत होती. "हो हो," म्हणाली.

अडचण निघाली ती आदल्या दिवशी, आणि तीही संजनाच्याच तोंडून. विनयाला बाजूला घेऊन ती म्हणाली की माझं काही नाही गं, पण बायका बोलतात. कुंकू लावायच्या वेळी तुझ्या सासूबाई मध्येच बसलेल्या असल्या तर एखादीला वाईट वाटेल. शिवाय लहान मुलाचं काम. तू बघ बाई, तुला पटेल तसं.

विनयाला ते पटलं नाही. कॉलेजात असताना याच विषयावर तिने भाषणात दुसरा नंबर मिळवला होता. पण "लहान मुलाचं काम" हे शब्द तिला सोडेनात. पटत नाही हे खरं, पण काही झालं तर? उद्या पोराला ताप भरला तर? आपला विश्वास नाही म्हणून पोराला कशाला पणाला लावायचं? ज्या मनाने ती फरशीवरून चुंबक फिरवायची त्याच मनाने तिने हाही विचार केला, आणि रात्रभर वेदांतच्या कपाळाला हात लावून बघितलं.

सकाळी ती रंभाबाईंना म्हणाली, "आई, आज गर्दी होईल, तुम्हाला त्रास होईल. तासभर फ्लॉसी आंटीकडे बसाल का? मी आधीच बोलून ठेवलंय."

रंभाबाईंनी वेदांतला उचलून घेतलं. मग म्हणाल्या, "पोराला अंघोळ घालून देतो. मंग जातो."

अंघोळ घातली. काळं झबलं चढवलं, हलव्याचे दागिने बांधले, काजळाची तीट लावली आणि त्या समोरच्या जाळीच्या दाराआड गेल्या. फ्लॉसी आंटीने विनयाकडे पाहिलंही नाही. खुर्ची मात्र तिने दाराजवळच ठेवली होती.

हळदीकुंकू छान झालं. बायका सोफ्यावर, चटईवर दाटीवाटीने बसल्या. समोर चळतीत डाळिंबी, मोरपिशी, पोपटी. एक म्हणाली, अय्या, काय कापड आहे, असं आता मिळत नाही. दुसरी म्हणाली, कोणाच्या साड्या गं? विनया म्हणाली, सासूबाईंच्या. मग त्या कुठे आहेत, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं त्या कुठे असणार. वेदांतच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे ओतले, पोरांनी लुटले, वेदांत चंद्रकळेच्या उशीला टेकून सगळ्यांकडे आ वासून बघत राहिला. विनयाने त्याच्या तोंडात बोर गेलं नाही ना ते तीनदा बघितलं. मग एकेकीला हळदकुंकू लावून, ओटीत तीळगूळ घालून तिने अभ्रे वाटले. कोणता कोणाला गेला हे तिच्या लक्षात राहिलं नाही.

चळत संपली आणि संजना दारातून परत आली. सोबत तिची नणंद उन्नती, तुळिंजहून आलेली, उशीर झाला म्हणून ओशाळलेली. विनयाने तिला बसवलं, कुंकू लावलं, आणि कपाटाकडे वळली. कपाट रिकामं होतं. स्वयंपाकघरात एखादी वाटी, डबा, काहीतरी द्यावं, तर सगळ्यांनी अभ्रे हातात धरलेले. सवाष्णीला कुंकू लावून रिकाम्या हाती पाठवायचं नसतं. उन्नती म्हणाली, राहू दे हो वहिनी. संजना म्हणाली, "असं कसं, आहे ना हा एक." आणि तिने वेदांतच्या पाठीमागच्या उशीकडे बोट दाखवलं.

सगळ्या बायका बघत होत्या. विनयाच्या कानात शब्द वाजले, अगदी त्याच आवाजात, हा कोनाला देव नको. तिने वेदांतला उचलून कडेवर घेतलं, हुकं सोडली, अभ्रा काढला, हाताने साफ केला आणि उन्नतीच्या ओटीत घातला. उघडी उशी तिने पलंगाखाली ढकलली. रात्री आईंना सांगू, समजतील त्या, असं तिने मनाशी ठरवलं.

सांगायची वेळ आलीच नाही. बायका जिना उतरायला लागल्या तेव्हा समोरचं दार नेहमीसारखं सताड उघडं होतं. जाळीआड रंभाबाई बसलेल्या. एकेक साडी त्यांच्या समोरून गेली. पोपटी गेली, डाळिंबी गेली. दुसऱ्यांच्या काखेत, दुसऱ्यांच्या पिशव्यांत. शेवटी उन्नती गेली. तिने तो काळा अभ्रा हौसेने खांद्यावर टाकला होता, पदरासारखा.

विनया दारात उभी होती. जाळीच्या आत काही हललं नाही.

नंतर फ्लॉसी आंटीने सांगितलं की रंभाबाई एवढंच म्हणाल्या: "डोळ्यावर पडदा हाय म्हनून बरा. एक तरी दिसली नसंल."

भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर विनयाला त्याचा आधार वाटला असता. रंभाबाईंनी घरी येऊन चुरमुरे झाडले, रांगोळी पुसली, वेदांतच्या केसांतले हलव्याचे कण काढले. दोन दिवसांनी जितेंद्रला म्हणाल्या की वाल काढायला आलेत, मला चांदीपला सोड. तो म्हणाला, अगं, जयवंतीकाकू बघतायत की शेत. "मी माझा घर बघतो," त्या म्हणाल्या. पेटी न्यायची का, असं त्याने विचारलं. पेटीत काय हाय, असं त्यांनी उलट विचारलं.

वाल काढून झाले, होळी आली, पाडवा आला. रंभाबाई आल्या नाहीत. विनया पुन्हा जागायला लागली. कधी कधी वेदांतला पायांवर घेऊन भिंतीला पाठ टेकून बसायची, पण तिच्या पायांवर तो झोपेना.

शेवटी ती तुळिंजला गेली. बाजाराच्या मागच्या चाळीत उन्नतीचं घर शोधलं. उन्नतीने आग्रहाने चहा केला. अभ्रा भिंतीजवळच्या गादीवर, उशीला घातलेला, तिच्या डोळ्यांसमोर होता. विनयाने सगळं सांगितलं, म्हणजे सांगता येईल तेवढं. दुसरा देते, नवा देते, हवं तर साडी देते, पण हा परत द्या.

उन्नतीने अभ्र्यावरून हात फिरवला. ती वाईट बाई नव्हती. मग म्हणाली, "वहिनी, वाण परत करतात का कधी? माझे मिस्टर रोज रिक्षा चालवतात हायवेवर. तुमचा विश्वास नसेल, तुम्ही शिकलेल्या. पण उद्या काही झालं तर मी काय करू?"

विनयाला उत्तर देता आलं असतं. भाषणात दिलेलं होतं, टाळ्याही मिळाल्या होत्या. पण "काही झालं तर" हे तिच्याच तोंडचं होतं, आणि त्यापायी तिने सासूला उठवून समोरच्या घरात बसवलं होतं. ती चहा पिऊन उठली. निघताना उन्नतीने तिला कुंकू लावलं.

त्यानंतरच्या रविवारी ती वेदांतला घेऊन जितेंद्रबरोबर चांदीपला गेली. रंभाबाई अंगणात उकिडव्या बसून वालाच्या शेंगा सोलत होत्या. मळकट पांढरी साडी, पदर कमरेला. नातवाला बघून त्यांचे हात पुढे आले. त्याला मांडीवर घेतलं, हुंगलं. विनया पायरीवर बसली आणि म्हणाली की मी चुकले, आई, मी तो परत मागायला गेले होते.

"परत मागायला?" रंभाबाईंनी मान वर केली. "त्या बिचारीच्या कुंकवाला कशाला हात लावलास? दिला तो दिला."

"मग तुम्ही चला ना घरी."

रंभाबाई शेंगा सोलत राहिल्या. मग आवाज न चढवता बोलल्या.

"जयवंती उघड म्हनाली होती, दे माझ्या सुनांना. तिला मी नाय म्हनू शकलो. तू उघड म्हनाली नाय. तू मला शिवायला बसवलंस, माझ्याकडून धुवून घेतलंस, घड्या घालून घेतल्यास, आनि मंग वाटलंस. आता मला तिकडं बोलवू नको, बाय. माझ्याकडं आता कापायला काय नाय."

निघताना त्यांनी वालाची पिशवी दिली. वेदांतला स्वतः रिक्षात बसवलं. विनया पाया पडली तेव्हा पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही.

आता जितेंद्र महिन्यातून एकदा जातो, अंगणात उभ्या उभ्या बोलतो आणि येऊन सांगतो, बरी आहे. विनयाचा त्याच्या "बरी आहे" वर काडीचा विश्वास नाही. त्याला विचारावं, दोन्ही डोळ्यांना दिसतं का, तर म्हणतो, विचारलं नाही. विहिरीवर स्वतः जाते का, तर म्हणतो, असेल. चुलीजवळ पदर खोचते का, रात्री कडी लावते का, जयवंतीकाकू जेवायला बोलावते का की नुसतं शेत बघते, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. म्हणून चांदीपकडे जाणारा कोणी भेटला की विनया त्याला थांबवते. दूधवाल्याला, वाल विकायला येणाऱ्या बाईला, टेम्पोवाल्याला. फ्लॉसी आंटीला विचारत नाही. आंटी दोनदा जाऊन आली हे तिला माहीत आहे, आणि आंटीने येऊन काही सांगितलं नाही हेही.

तेव्हा तुम्ही त्या बाजूला गेलात तर एवढं करा. मुख्य रस्ता सोडून आत वळलं की वालाच्या वाडीला लागून एक कौलारू घर आहे, पायरी तुटलेली. विनयाचं नाव काढू नका. उन्हातून आलोय म्हणा, पाणी मागा. रंभाबाई स्वतः उठून पाणी देतात, की आतूनच माठाची जागा सांगतात, एवढं फक्त बघा, आणि येऊन कळवा.